पेशी आणि देह

चिरेबंदी वाडा दुरून अखंड दिसतो. जवळ गेलें म्हणजे तो एकेका चिऱ्यानें उभा राहिला आहे हें कळतें. वनस्पति व प्राणी यांच्या शरीरांची गोष्ट अशीच आहे. मात्र वाड्याचा चिरा निर्जीव असतो. शरीराचा चिरा, म्हणजे पेशी, स्वतः जिवंत असते. या भेदाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

बहुतेक पेशी नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणून सूक्ष्मदर्शक यंत्र निघेपर्यंत त्या अज्ञात राहिल्या. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप पाहून त्यांतील रिकाम्या कप्प्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं मृत पेशींचीं घरें होतीं. पुढें हॉलंडांतील डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबांत हिंडणारे जीव पाहिले. इ. स. १८३८ मध्यें श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व १८३९ मध्यें श्वान यानें प्राण्यांविषयीं असा सिद्धांत मांडला कीं, त्यांचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं आहेत. १८५५ मध्यें फिर्खो या जर्मन वैद्यानें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते.

ज्यास हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यानें कांद्याच्या आंतील पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून त्यावर आयोडिनच्या द्रावणाचा थेंब सोडावा. सूक्ष्मदर्शकाखालीं विटांच्या भिंतीसारखी रचना दिसेल व पुष्कळशा विटांत एक गडद ठिपका आढळेल. तें केंद्रक होय. आनुवंशिक माहिती मुख्यत्वें त्यांतच साठविलेली असते. भोंवतालच्या पेशीद्रवांतील तंतुकणिका अन्नापासून शक्ति मिळवितात. बाहेरचें नाजूक पटल आंत काय यावें व बाहेर काय जावें याचें नियमन करतें. वनस्पतींच्या पेशींस या पटलाबाहेर आणखी एक टणक भित्तिका असते.

डबक्यांतील अमीबा हा एका पेशीचाच जीव. खाणें, श्वसन, हालचाल, दुभागून वाढणें, सर्व कांहीं तो एकटा करतो. मनुष्याच्या देहांत सुमारें ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्या सर्व एकाच फलित पेशीच्या वंशांतील आहेत. परंतु वाढतां वाढतां त्यांनीं कामें वांटून घेतलीं. एकाच कामास लागलेल्या पेशी मिळून ऊती होते; ऊती मिळून इंद्रिय, इंद्रियें मिळून संस्था आणि सर्व संस्था मिळून देह होतो.

या व्यवस्थेचें मोल पेशींस द्यावें लागतें. तांबडी रक्तपेशी पक्व होतांना आपलें केंद्रक टाकून देते, व प्राणवायु वाहणाऱ्या हिमोग्लोबिनास तेवढी जागा मोकळी होते. मग तिला दुभागतां येत नाहीं. सुमारें १२० दिवसांत तिचें आयुष्य संपतें. गर्भाचा पंजा आरंभीं वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांमधील पेशी योग्य वेळीं मरतात, तेव्हां बोटें सुटीं होतात. आम्ही बोटांत लेखणी धरतों ती या मरणाच्या कृपेनें.

उलटपक्षीं, आनुवंशिक माहितींत बिघाड होऊन एखादी पेशी थांबण्याचा इशारा मानीनाशी होते. ती आपलीच संख्या वाढवीत सुटते, शेजारच्या पेशींचें पोषण ओढते व दूरच्या अवयवांतही शिरते. हाच कर्करोग. वेळीं उपचार झाले नाहींत तर देह खचतो, आणि देहाबरोबर तीही नाश पावते.

करिंथ येथील मंडळीस लिहितांना पौलानें एक शरीर व अनेक अवयव हा दृष्टांत दिला, तेव्हां पेशी कोणासही ठाऊक नव्हती. सूक्ष्मदर्शकानें तो दृष्टांत अधिक खोल नेला आहे. तथापि एक अंतर ध्यानांत ठेविलें पाहिजे. रक्तपेशी देते तें न जाणतां देते. तिला निवड नाहीं. आम्हांस ती आहे. म्हणून शाळेंत, घरीं वा गांवांत आम्ही एकमेकांसाठीं जें करूं, त्याचें श्रेय आमचें, आणि जें करणार नाहीं त्याचा जाबही आम्हांसच द्यावा लागेल.