ध्वनी आणि व्हिडिओ संकल्पनेवरचा हक्क : रंगभूमीवर काम सुरू करणाऱ्या भाचीस




नेपथ्याची नक्कल करायची तर सुतार लागतो, रंग लागतो, पैसा लागतो. नाटकाचा ध्वनी आणि पडद्यावरचा व्हिडिओ मात्र ऑपरेटरच्या पेन ड्राइव्हवरून दोन मिनिटांत दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जातो. निर्माता बदलतो, नाटक नव्या संचात पुन्हा उभे राहते आणि जुनाच ट्रॅक वाजत राहतो. जाहिरातीत संकल्पकाचे नाव नसते, मानधनाचा तर प्रश्नच येत नाही. ही कला स्वतंत्र मानायला इतर ठिकाणीही वेळच लागला. न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारांत ध्वनिसंकल्पनेचा विभाग २००८ मध्ये आला, २०१४ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला आणि २०१८ च्या सोहळ्यात तो परत आला.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'ध्वनिसंकल्पना' असा कृतीचा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे एकाच कामाचे भाग निरनिराळ्या प्रकारांत मोडतात. स्वतः रचलेली धून ही संगीतकृती ठरते आणि तयार फाइल हे ध्वनिमुद्रण. व्हिडिओ अवघ्या काही सेकंदांचा असला तरी तो चित्रपटच, कारण कायद्याच्या व्याख्येत कोणतेही दृश्यमुद्रण त्यातच येते. कोणत्या वाक्यावर कोणता ध्वनी सुरू होतो, किती पातळीवर राहतो, किती सेकंदांत विरतो हे नोंदवणारी क्यू-शीट साहित्यकृतीत बसू शकते. त्या व्याख्येत तक्ते आणि संकलनेही आहेत. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाने 'न्यू दिल्ली' या चित्रपटावर केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फेटाळला, तो याच तत्त्वावर : विषय आणि कल्पना सर्वांच्या, हक्क मांडणीवर. मृत्यूच्या क्षणी घड्याळाची टिकटिक थांबवण्याची युक्ती कुणीही वापरावी. ती टिकटिक ज्या फाइलमध्ये घडवली आहे, ती फाइल विनापरवाना उचलता येत नाही.

खरा घोळ मालकीचा आहे आणि तरुण संकल्पक तिथेच फसतात. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून बनवलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. कलम १७ चा हा नियम व्हिडिओलाही लागू होतो. म्हणजे कागद केला नाही तर प्रोजेक्शनसाठी केलेला व्हिडिओ निर्मात्याचा होतो. ध्वनिमुद्रणाचे नाव त्या नियमात नाही. पण ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण, तर ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. स्टुडिओ निर्मात्याने ठरवला आणि बिलही त्यानेच भरले, तर तो हक्क सांगू शकतो. संस्थेत पगारी नोकरीत असताना केलेले काम, वेगळा करार नसल्यास, संस्थेचेच. सारांश, संकल्पकाने स्वतःच्या यंत्रणेवर, स्वतःच्या खर्चाने मुद्रण करावे आणि त्याची बिले जपून ठेवावीत.

करार पहिल्या तालमीआधी व्हावा. प्रयोग रंगू लागल्यावर कुणी सही करत नाही. त्यात मालकी हस्तांतरित न करता वापराची परवानगी द्यावी : हे नाटक, हा निर्माता, इतके प्रयोग किंवा इतकी वर्षे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ही दुसरी तरतूद मराठी नाटकाला विशेष लागू पडते, कारण अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठी किंवा आखाती देशांतल्या दौऱ्यासाठी नाटक गेले, तर त्या प्रयोगांचे वेगळे मानधन मागण्याचा आधार तिथे आहे. नाटकाचे चित्रीकरण करून ते ओटीटीवर दाखवणे हा निराळा वापर, त्याला निराळी परवानगी. श्रेयनाम कुठे आणि कसे छापायचे तेही लिहून घ्यावे. धून स्वतः रचली असेल तर कर्तेपणाचा हक्क कलम ५७ खाली मालकी दिल्यावरही उरतो.

दुसऱ्याचे गाणे किंवा इंटरनेटवरून उचललेला आवाज कामात मिसळला असेल, तर तेवढ्या भागावर हक्क सांगता येत नाही. उलट संकल्पकच गुन्हेगार ठरू शकतो. रस्त्यावरची वर्दळ, पाऊस, एसटी स्थानकावरची उद्घोषणा शक्यतो स्वतः मुद्रित करावी. ते कामाच्या दर्जासाठीही चांगलेच.

नोंदणी सक्तीची नाही, कृती तयार होताच हक्क निर्माण होतो. पण नोंदणीचे प्रमाणपत्र न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानले जाते. शुल्क संगीत किंवा साहित्यकृतीला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००. सगळे परवडत नसेल तर निदान धून आणि क्यू-शीट नोंदवावी. कच्ची मुद्रणे, थरांसकटची मूळ प्रोजेक्ट फाइल आणि तारखांचे ईमेल कायम जपावेत. ऑपरेटरला मिश्रण केलेली अंतिम फाइलच द्यावी, सुटे थर नव्हेत, आणि फाइलच्या माहितीत नाव व वर्ष भरावे. ही माहिती हक्क नसताना जाणूनबुजून काढून टाकणे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. कुलूप कितीही घातले तरी मिक्सरला तार जोडून ध्वनी पुन्हा मुद्रित करता येतो, म्हणून भरवसा कागदावर ठेवावा.

चोरी आढळलीच तर आधी पुरावा गोळा करावा : तिकीट, जाहिरात, नाट्यगृह आणि तारीख, जमल्यास त्या प्रयोगाला हजर असलेला साक्षीदार. मग निर्मात्याला लेखी पत्र. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास वकिलाची नोटीस द्यावी, आणि मनाई हुकूम व नुकसानभरपाईसाठी दावा. दाव्याची मुदत तीन वर्षांची. हा दावा संकल्पक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दाखल करण्याची मुभा कायद्याने दिली आहे, त्यामुळे नाटक मुंबईचे असले तरी सांगलीच्या संकल्पकाला सांगलीत दाद मागता येते.

तुझा मामा