सही : ओळख आणि उत्तरदायित्व

आपल्या सार्वजनिक व्यवहारात सहीइतकी लहान आणि सहीइतकी जबाबदारीची दुसरी कृती क्वचितच असेल. ठराव, दाखला, धनादेश, पंचनामा, हजेरीपत्रक, खरेदीखत यांपैकी कोणताही कागद सहीवाचून पुरा होत नाही. असे असूनही सही कशी करावी, कोठे करावी आणि कशाखाली करू नये, याचे रीतसर शिक्षण आपल्याकडे सहसा कोणास मिळत नाही. शाळेत अक्षर गिरवून घेतले जाते, परंतु सही मात्र ज्याची त्याने कशीबशी ठरवावी, अशी रीत आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांना रोजच उपयोगी पडणाऱ्या या विषयाचा येथे थोडक्यात परिचय करून देण्याचा हेतू आहे.

‘सही’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ ‘बरोबर’, ‘खरे’ असा आहे. ‘स्वाक्षरी’ म्हणजे स्वतःच्या हातचे अक्षर. हे दोन्ही अर्थ एकत्र घेतले की सहीचे खरे स्वरूप ध्यानात येते. वर लिहिलेले बरोबर आहे आणि तसे मी स्वतः सांगत आहे, एवढे दोन पदरी विधान सही करणारा मनुष्य करीत असतो.

शिक्का, मोर्तब आणि निशाणी

मराठी राज्यातील कागदपत्रे पाहिली असता सहीमागील विचार किती जुना आणि किती सूक्ष्म होता, हे दिसून येते. पत्राचा मजकूर बहुधा कारकून मोडी लिपीत लिहीत असे. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच त्याखाली मोर्तब, अशी पद्धत होती. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब आढळते. पेशवाईतील पत्रांवर ‘लेखनसीमा’ असे मोर्तब दिसते. या दोहोंचा आशय एकच : लेखनाची मर्यादा येथे संपली. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ वाढविली तर ती मूळ पत्राचा भाग नव्हे, हे पाहणाऱ्यास तत्काळ कळावे अशी ती योजना होती. ‘शिक्कामोर्तब होणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो, तो याच पद्धतीतून आला आहे. एखादी ओळ धन्याने स्वतः लिहिली असेल तर ती ‘दस्तुरखुद्द’ म्हणून ओळखली जाई.

गावपातळीवरील महजरात वतनदार मंडळी निशाणी करीत. पाटलाची निशाणी नांगराची असे आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण काढीत. अक्षरओळख नसलेल्या माणसाचे म्हणणेही कागदावर त्याच्या स्वतःच्या खुणेने नोंदले जाई, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

अंगठा कमी प्रतीचा नव्हे

अंगठ्याच्या ठशाचा प्रशासनातील उपयोग आपल्याच देशात सुरू झाला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला. पुढे १८७७ साली हुगळी येथे निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणी यांसाठी त्याने बोटांच्या ठशांचा उपयोग सुरू केला. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलीमुद्रा कार्यालय स्थापन झाले. तेथील कामात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचा मोठा वाटा होता.

याच वर्षीच्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने, ज्यास आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या शब्दात ‘निशाणी’चाही समावेश केला. मृत्युपत्रासंबंधी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ यातही सही किंवा निशाणी असे दोन्ही पर्याय असून किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक मानले आहे. तेव्हा अंगठा उठविणाऱ्या सदस्याचे मत इतरांहून हलके समजण्यास कायद्यात कोणताही आधार नाही.

मात्र अंगठा घेणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. मजकूर त्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत सावकाश वाचून दाखवावा. शाईचा थर पातळ असावा, म्हणजे रेषा स्पष्ट उमटतात. शाई जास्त झाल्यास ठशाच्या जागी केवळ डाग राहतो आणि त्यावरून ओळख पटत नाही. ठशाशेजारी ‘निशाणी, डावा अंगठा’ असे लिहून त्या व्यक्तीचे पूर्ण नाव नोंदवावे. ज्याने हे नाव लिहिले व मजकूर वाचून दाखविला, त्याने आपलीही सही आणि नाव लिहावे.

सही कशी घडवावी

नव्याने सही शिकणाऱ्यास पुढील गोष्टी सांगता येतील. सही शक्यतो आपल्या नित्याच्या लिपीत असावी. सही अमुकच लिपीत केली पाहिजे असे सर्वसाधारण बंधन नसल्याने मराठीतील सहीस कोठेही संकोच बाळगण्याचे कारण नाही. पूर्ण नाव लिहावे किंवा स्वतःच्या व वडिलांच्या अथवा पतीच्या नावाचे आद्याक्षर घेऊन पुढे आडनाव लिहावे, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. एकदा ठरविलेला प्रकार मात्र पुन्हा पुन्हा बदलू नये. बँकेतील नमुना सहीशी धनादेशावरील सही जुळली नाही तर धनादेश परत येतो. सही न जुळल्यामुळे परत आलेला धनादेशही परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील अनादराच्या तरतुदीखाली येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे.

सही फार गुंतागुंतीची असली म्हणजे सुरक्षित असते, हा समज बरोबर नाही. हस्ताक्षरतज्ज्ञ केवळ अक्षरांचा आकार पाहत नाहीत. लेखणीचा वेग, दाब, अक्षरांची जोडणी, त्यांचे परस्पर प्रमाण आणि लेखणी कोठे उचलली, या सर्वांची ते तपासणी करतात. खऱ्या सहीत ओघ असतो. नक्कल करणारा सावकाश रेखाटतो, त्यामुळे त्याची रेषा थरथरते आणि लेखणी भलत्याच जागी थांबते. म्हणून आपल्या हाताला सहज येणारी, वाचता येणारी आणि एका ओघात होणारी सही हीच चांगली सही होय. एखादी नुसती वेडीवाकडी रेघ ओढणे करणाऱ्यास सोपे, पण नक्कल करणाऱ्यास त्याहून सोपे असते.

सहीची मांडणी

कार्यालयीन कागदावर नुसती सही पुरेशी नसते. सहीखाली पूर्ण नाव, त्याखाली पदनाम, कार्यालयाचे नाव आणि दिनांक असा क्रम असावा. अधिकारी बदलून जातो, सदस्यांची मुदत संपते, परंतु कागद राहतो. दहा वर्षांनी तो दप्तर उघडणाऱ्यास ही सही कोणाची व कोणत्या अधिकारात केलेली आहे, हे विचारत फिरावे लागू नये. इलेक्ट्रॉनिक टपालाने पाठविलेल्या पत्राखालीही हाच क्रम ठेवावा; तेथे सुभाषिते आणि रंगीत चित्रे घालण्याचे प्रयोजन नाही.

मजकुराची शेवटची ओळ आणि सही यांमध्ये मोकळी जागा ठेवू नये. ठेवावी लागल्यास तेथे आडवी रेघ मारावी. जुन्या मोर्तबाचे काम आता ही रेघ करते. कागद एकाहून अधिक असतील तर प्रत्येक पृष्ठावर लघुस्वाक्षरी करावी. खाडाखोड झाली असेल तेथे मूळ शब्द वाचता येईल असा छेदून, दुरुस्तीशेजारी लघुस्वाक्षरी व दिनांक घालावा. वरिष्ठाच्या वतीने अधिकृतपणे सही करावयाची असल्यास पदनामापूर्वी ‘करिता’ लिहून स्वतःची सही करावी. दुसऱ्याच्या नावाची सही करणे, मग ती त्याच्या संमतीने का असेना, कटाक्षाने टाळावे.

कोरा कागद आणि कोरा धनादेश

ग्रामसभा किंवा मासिक सभा आटोपल्यावर ‘ठराव मागाहून लिहू, तुम्ही एवढी सही करून ठेवा’ असे सांगितले जाते, आणि संकोचापोटी सदस्य तसे करतात. पहिल्यांदाच निवडून आलेल्या महिला सदस्यांपुढे हा प्रसंग अधिक येतो. घरातील वा गावातील वडीलधाऱ्याने पुढे केलेल्या कागदास नकार देणे अवघड असते. परंतु ठरावाखालील सही ही सदस्याची असते. आग्रह करणाऱ्याची नसते. उद्या चौकशी झाली तर उत्तर सदस्यासच द्यावे लागेल.

धनादेशाच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. सही केलेला कोरा धनादेश स्वखुशीने दुसऱ्याच्या हाती दिला तर त्यातील मजकूर नंतर इतर कोणी भरला, एवढ्याच सबबीवर सही करणाऱ्याची जबाबदारी टळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आहे. अशा वेळी ‘मी वाचून उद्या सही करतो’ एवढे शांतपणे सांगण्यास कोणताही नियम आड येत नाही. ठरावाशी मतभेद असल्यास तो इतिवृत्तात नोंदविण्याचा आग्रह धरावा.

अंकीय सही

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने अंकीय सहीस कायद्याची मान्यता दिली. सहीचे छायाचित्र कागदावर चिकटविणे म्हणजे अंकीय सही नव्हे. अंकीय सहीत संगणक प्रथम संपूर्ण मजकुरावरून एक संक्षिप्त संकेत तयार करतो. सही करणाऱ्याजवळील गुप्त किल्लीने त्या संकेतावर क्रिया केली जाते, आणि तिच्या जोडीची जाहीर किल्ली वापरून कोणासही सहीची पडताळणी करता येते. सहीनंतर मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणी फसते. लेखनाची मर्यादा राखण्याचे मोर्तबाचे कार्य येथे गणिताने साधले आहे.

पण हे सारे बळ ती गुप्त किल्ली स्वतःजवळ राहील या एका अटीवर अवलंबून आहे. ई-ग्रामस्वराज प्रणालीत ग्रामपंचायतीची देयके दोन व्यक्तींच्या अंकीय सह्यांनी अदा होतात. एकाने देयक तयार करावे आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करावे, हा त्यामागील हेतू आहे. दोघांचीही साधने आणि त्यांचे गुप्त क्रमांक संगणक चालविणाऱ्या एकाच व्यक्तीच्या कपाटात राहिले, तर दोन सह्यांचा अर्थच उरत नाही. साधन दुसऱ्याकडे देणे आणि सही केलेल्या कोऱ्या धनादेशांचे पुस्तक दुसऱ्याकडे देणे यांत काडीमात्र फरक नाही. ते स्वतःजवळ ठेवावे, गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये आणि हरविल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विनाविलंब कळवून ते रद्द करून घ्यावे.

शिक्षकांचे कार्य

केवळ सही करता येणे म्हणजे साक्षरता नव्हे. समजून वाचता व लिहिता येणे हीच जनगणनेतील साक्षरतेची कसोटी आहे. म्हणून प्रौढवर्गात सही गिरवून घेताना तिच्यासोबत वाचनाची सवयही लावली पाहिजे. शाळेतील वरच्या वर्गात एखाद्या तासाला विद्यार्थ्यांपुढे एक लहानसा अर्ज ठेवावा, त्यात मुद्दाम एक चूक करावी आणि सही करण्यास सांगावे. चूक शोधून मगच सही करणारी मुले किती निघतात, ते पाहावे. ज्यांनी न वाचता सही केली त्यांना न रागावता त्या कागदाचा पुढे काय परिणाम झाला असता, ते समजावून द्यावे. हीच मुले पुढे ग्रामसभेत बसणार आहेत, आणि गावाच्या नावाने होणाऱ्या कागदांखाली त्यांच्याच सह्या असणार आहेत.