बियाण्याचा धनी कोण?

यवतमाळ जिल्ह्याची काळी, कसदार जमीन कापसाकरिता प्रसिद्ध आहे. मृगाचा पाऊस पडला, की वणी, राळेगाव, कळंब ह्या भागांतील शेतकरी सरकी टोकण्याच्या तयारीस लागतात. पूर्वी ही सरकी घरचीच असे. वेचणीच्या वेळी भरदार बोंडे हेरून त्यांचा कापूस निराळा ठेवीत. तो रेचून निघालेली सरकी पुढच्या हंगामाचे बी होई. शेजाऱ्यास बी कमी पडले, तर त्यालाही त्यातून पसाभर मिळे. हे बी कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न कोणास पडत नसे.

१९७० साली सुरत येथे सी. टी. पटेल ह्या शास्त्रज्ञाने ‘एच-४’ हे कापसाचे संकरित वाण प्रसिद्ध केले. दोन वाणांच्या संकरातून आलेले झाड उत्पन्न भरपूर देते. परंतु त्याची सरकी पुन्हा पेरली, तर सर्व झाडे सारख्या गुणांची होत नाहीत. त्यामुळे संकरित बी दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते. पुढे २००२ साली ‘बीटी’ कापसास भारतात परवानगी मिळाली. मातीतील एका जीवाणूचा जनुक ह्या कापसात घातलेला असतो आणि त्यामुळे बोंडअळीस मारक असे द्रव्य झाडातच तयार होते.

ह्या शोधाचे पेटंट मॉन्सॅन्टो ह्या अमेरिकी कंपनीने भारतात घेतले. पेटंट म्हणजे नव्या शोधावर संशोधकास ठरावीक मुदतीपुरता मिळणारा हक्क. भारतात ती मुदत वीस वर्षांची आहे. मात्र आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात वनस्पती व बियाणे ह्यांस पेटंट देता येत नाही. मग बियाण्यात शिरलेला जनुक हा शोध मानावा, की बियाण्याचाच भाग? मॉन्सॅन्टो आणि नुझिवीडू ही भारतीय बियाणे कंपनी ह्यांच्यात ह्यावरून मोठा वाद झाला. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट अवैध ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून पुराव्यानिशी सुनावणी करण्यास सांगितले. पुढे २०२१ साली दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि मूळ प्रश्नाचे उत्तर न्यायालयात मिळावयाचे राहूनच गेले.

बियाण्यांकरिता भारताने २००१ साली निराळा कायदा केला. त्याच्या नावातच शेतकऱ्यांचे हक्क आहेत: ‘वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा’. नवे वाण तयार करणाऱ्यास ते आपल्या नावे नोंदविता येते. कापसासारख्या पिकास हे संरक्षण पंधरा वर्षे असते. तथापि शेतात पिकलेले बी राखून ठेवणे, पुन्हा पेरणे, दुसऱ्यास देणे, इतकेच नव्हे तर विकणे, हा शेतकऱ्याचा हक्क कायम राहतो. संरक्षित वाणाचे बी ठसा मारलेल्या पाकिटात भरून विकण्याची तेवढी त्यास मनाई आहे. संकरित कापूस लावणाऱ्यास मात्र ह्या हक्काचा लाभ थोडाच होतो. कायदा बी राखू देतो, पण ते बी मूळ गुण राखीत नाही!

शेतकरी स्वतःही नवे वाण घडवू शकतो, हे ह्या कायद्याने मानले आहे. यवतमाळच्या पूर्वेस असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित शेतकरी राहत. १९८३ साली आपल्या धानाच्या शेतात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे दाणे त्यांनी जपून ठेवले, वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचे, चवदार असे वाण सिद्ध केले. तांदूळ बाजारात आला, तेव्हा त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्यास ‘एचएमटी’ हे नाव पडले. पुढे कृषी विद्यापीठाने त्या बियाण्यावर काम करून १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसिद्ध केले. त्याचे श्रेय आपणांस मिळाले नाही, अशी दादाजींची तक्रार होती. वाण नोंदविण्याचा कायदा त्या वेळी झालेला नव्हता. आज एखाद्या शेतकऱ्यास आपले वाण नोंदवावयाचे असेल, तर त्यास शुल्कही पडत नाही.

२००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम ह्यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. विदर्भाच्या बाजारात लोक आजही तो तांदूळ घड्याळाच्याच नावाने मागतात.