आवक नंबर घेतला का?

माझ्या पिशवीत कोर्टाचा संरक्षण आदेश होता आणि ज्याच्याविरुद्ध तो होता तो माणूस पोलीस ठाण्यात बाकावर बसून चहा पीत होता. मी उभी होते.

कोणतं ठाणं ते लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातच राहायचंय अजून मला.

संसार कसा चालला होता ते सांगत बसत नाही. भिंतीला भिंत लागून घरं असतात, ज्यांना कळायचं त्यांना ते कळलंच होतं. बैठकाही झाल्या. एका बैठकीत त्याने अणदूरच्या खंडोबाचा बेलभंडारा उचलून ‘पुन्हा हात लावणार नाही’ म्हणून शपथ घेतली. पंचांचं समाधान झालं. माझं झालं का, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा हात मोडला. मग मी माहेरी आले, शिलाई मशीन टाकली आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला. कोर्टात याला ‘डीव्ही’ म्हणतात. सासरच्या तालुक्यालाच जावं लागेल, असं मला चार शहाण्यांनी सांगितलं होतं. ते खोटं आहे. बाई सध्या जिथे राहते, मग ते तात्पुरतं का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. हे मला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. शहाणे अजूनही तेच सांगत फिरतात.

अर्जासोबत शपथपत्र दिलं तर समोरचा माणूस हजर होण्याआधीही कोर्ट अंतरिम हुकूम देऊ शकतं. कलम 23. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो 60 दिवसांत, असं कायद्यात लिहिलंय. ‘शक्यतो’ हा शब्द तारखा घेताना नीट कळतो. तरीपण अंतरिम हुकूम मला मिळाला. घरच्यांना वाटलं, सुटलो.

हुकूम होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच तो माझ्या शिलाईच्या दुकानासमोर रस्त्यावर येऊन उभा राहिला. आत आला नाही. गिऱ्हाइकांसमोर माझं नाव घेऊन बोलायचा, मग भावाच्या फोनवर निरोप. मी ठाण्यात गेले. अंमलदारांनी त्याला बोलावून घेतलं, चहा दिला आणि माझा कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “यावर उस्मानाबाद लिहिलंय, आता धाराशिव झालंय.” त्यावर त्याने हसून घेतलं. मग आवक रजिस्टर काढलं. त्यात आमच्या हुकमाची नोंदच नव्हती. “कोर्टाकडून आम्हाला काही आलेलं नाही. आणि हा दिवाणीतला विषय दिसतोय, कोर्टात जा.” शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहिली, खाली ‘समज दिली’ असा शेरा. आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मी तर बायकोला न्यायला आलोय साहेब, कागद तिनं केलाय.” त्या क्षणी मला जे कळलं ते वकील, नातेवाईक, कुणीच सांगितलं नव्हतं: हुकूम माझ्याकडे असून काही उपयोग नाही, तो त्यांच्या रजिस्टरला असला पाहिजे.

वास्तविक कलम 24 सांगतं की हुकमाची प्रत मोफत द्यायची आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही पाठवायची. ते काम माझं नव्हतं. पण दुसऱ्याने न केलेल्या कामाचा मार आपल्या अंगावर येतो. म्हणून सांगते, हुकूम झाल्या दिवशी प्रत घ्या, स्वतः ठाण्यात नेऊन द्या आणि आपल्या झेरॉक्सवर सही, शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. शिक्का दिल्याशिवाय उठू नका. माहेरच्या ठाण्यात एक आणि सासरच्या ठाण्यात एक.

दुसरी गोष्ट अर्जातली. माझ्या पहिल्या हुकमात फक्त ‘अर्जदारास त्रास देऊ नये’ असं होतं. रस्त्यावर उभं राहणं हा त्रास आहे का, यावर ठाण्यात तासभर वाद घालणाऱ्याला कायद्याची माहिती नव्हती असं मी म्हणणार नाही, इच्छा नव्हती. कलम 18 मध्ये बरंच मागता येतं. कामाच्या ठिकाणी यायचं नाही, मुलांच्या शाळेत जायचं नाही, फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, कशानेही संपर्क साधायचा नाही, स्त्रीधन विकायचं नाही, माहेरच्यांना मारहाण करायची नाही. हे एकेक करून लिहून मागा. दुकानाचा पत्ता घाला. ‘स्वतः अथवा दुसऱ्यामार्फत’ हे शब्द विसरू नका, निरोप्यांचा बंदोबस्त त्यानेच होतो. मी पुन्हा अर्ज देऊन हे घालून घेतलं.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. संरक्षण आदेश मोडणं हा कलम 31 चा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 32 प्रमाणे तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे एनसीचा विषयच नाही. ‘भांडण झालं’ असं सांगू नका, ‘आदेशाचा भंग झाला’ असं लेखी द्या, तारीख-वेळ घालून. नाही घेतलं तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, संरक्षण अधिकाऱ्यांना द्या किंवा सरळ मॅजिस्ट्रेटसमोर जा. माझी तक्रार संरक्षण अधिकारी बाईंनीच पुढे नेली. त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो, पण त्यांनी ते केलं, एवढं नोंदवते. साक्षीला शेजारीण आली नाही. “आमचं नाव नको गं.” तिचंही खरं असेल. बाईची एकटीची जबानी विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही गुन्हा शाबीत धरता येतो, ही सोय कायद्यातच आहे.

थकलेल्या पोटगीचं मात्र वेगळं आहे. त्याला 31 लागतं की नाही यावर हायकोर्टांची मतं एक नाहीत. वसुलीचा अर्ज वेगळा लावा, तोच सरळ मार्ग.

घराचंही ऐका. आमचं सासरचं घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला सासऱ्यांच्या नावावर. “नाव आमचं, तुझा काय संबंध?” हे वाक्य मला पाठ आहे. 2020 साली सुप्रीम कोर्टाने सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितलंय की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून तिथे नांदली असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं. मला तिथे परत जायचं नाही, पण ज्यांना राहायचंय त्यांनी कलम 19 खाली निवासाचा आदेश मागावा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करा. अडचणीत 112, माहितीला 181. कागदं जपून ठेवा, धीर सोडू नका, वगैरे तर सगळे सांगतातच.

तो काही दिवस कर्नाटकात आळंदला बहिणीकडे जाऊन राहिला होता. शिव ओलांडली की महाराष्ट्राचा हुकूम संपतो, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. हा हुकूम भारतभर लागू असतो. आता त्याच्यावर कलम 31 ची केस चालू आहे, जामिनावर आहे, आणि माझ्या दुकानाच्या गल्लीत येत नाही.

परवा मामा आले होते, मिटवून घे म्हणाले, बैठक लावतो. त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. त्याला हुकमात बदल हवा असेल तर त्याने कोर्टात अर्ज करून कारण दाखवावं. मंदिराच्या ओट्यावर बसलेल्या पंचांना कोर्टाचा हुकूम रद्द करता येत नाही.