आजारी माणसाची टीम

चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला मी फळ्यावर एक खाट काढली आणि विचारलं, "घरात कुणी खूप आजारी असेल, तर कोण कोण लागतं?" "डॉक्टर!" सगळे एकदम ओरडले. मग नर्स आली, मेडिकलवाला आला आणि गाडं अडलं. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, नगरला न्यायला गाडीवाला लागतो. आणि आई तिकडं गेली की भाकरी करायला कुणीतरी."

तिच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. भाकरी करणारं 'कुणीतरी' म्हणजे तीच. आणि मी गैरहजेरीवरून तिला दोनदा वर्गात बोलले होते.

मिरजगावच्या पालकांना शेजारचं जामखेड नवं नाही. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी गावोगावी बाहेरच्या नर्स नेमून पाहिल्या. ते फारसं जमलं नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. बऱ्याचजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला येऊन शिकायच्या. डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ते असा फिरता गट गावात आला की त्याच्यासोबत काम करायच्या. जोडीला शेतकरी मंडळं, महिला मंडळं होतीच.

कुष्ठरोगाचंच बघा. आजच्या उपचारात प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने औषध घ्यावं लागतं. गोळी रोज पोटात जाते का, बधिर पायाला जखम झालीय का, घरच्यांनी ताट वेगळं केलंय का, हे डॉक्टरला टेबलावरून कसं दिसणार? शेजारणीला दिसतं. पाय गमावलेल्यांसाठी जामखेडला जयपूर फूटही बनू लागले, म्हणजे कारागीरसुद्धा टीममध्ये आला! १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र जास्त मोठं वाटतं ते हे, की अंगठा लावणारी बाई सांगते आणि शिकलेला डॉक्टर ऐकून घेतो.

(लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. निम्मी टीम एकाच बाईत!)

आता आपल्या शाळेचं. हा उपक्रम घ्याल तर वर्गात कुणाच्या घरचा आजार नाव घेऊन काढू नका. आधी पालकांना एकटं भेटा, काय सांगायचं ते त्यांनाच ठरवू द्या. मी त्या मुलीच्या आईला भेटले. आईच्या संमतीने आशाताईंशी बोलले. आता डायलिसिसच्या दिवशी दुपारी भाऊ चुलतीकडे असतो, मुलगी शाळेत. एखादा दिवस नाहीच जमलं, तर मैत्रीण वही घरी नेऊन देते.

फळ्यावरच्या खाटेभोवती शेवटी चौदा नावं झाली. 'मॅडम' हे नाव मुलांनी लिहिलं नव्हतं. मीच कोपऱ्यात जागा करून लिहिलं.