पात्र चोर, भांडण माणसांचं

भिलाईत डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला चार जण मिळणं हेच मुळात मुश्कील. म्हणून मिळेल त्याला टेबलाशी बसवलं जातं, आणि तिथेच माशी शिंकते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेला हा खेळ. त्यात कुणी एकटा जिंकत नाही, सगळ्यांची मिळून एक गोष्ट होते. कॅरममध्ये न पटणाऱ्याला निदान हरवता तरी येतं. इथे त्याच्याच सोबतीने चालावं लागतं.

आम्ही सेक्टरमधल्या एका क्वार्टरच्या हॉलमध्ये जमायचो. सगळे शाळेपासूनचे मित्र, तरी प्रत्येकाची आवड वेगळी. एकाला फक्त मारामारी हवी: वीस बाजूंचा फासा टाकायचा, राक्षस आडवा करायचा. एकीला गावातल्या प्रत्येक दुकानदाराशी गप्पा मारायच्या. तिसऱ्याचं पात्र चोर. त्याने एकदा सोबती झोपलेले असताना तिच्याच पिशवीतलं रत्न लांबवलं. ते मिळवायला आमचे कितीतरी रविवार गेले होते.

"असं का केलंस?"

"मी कुठे केलं? माझं पात्र चोर आहे, ते चोरणारच!"

तिने पात्राचा कागद दुमडून बॅगेत टाकला आणि उरलेला खेळभर फक्त 'हो', 'नाही' एवढंच बोलली. पुढच्या खेपेला डीएमदादाने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, चोरावरच नेमकी दरड कोसळवली. चोर मेला, खेळाडूचा राग तसाच राहिला. थोड्याच दिवसांत ग्रुप फुटला.

खेळातल्या खेळात शिक्षा करणं हा सगळ्यांत वाईट उपाय. पात्र कसं वागेल हे खेळाडूच ठरवतो. तेव्हा बोलायचं त्याच्याशीच, फासे बाजूला ठेवून. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीची एक बैठक नुसती बोलण्यासाठी ठेवावी. तिला सेशन झीरो म्हणतात. 'काय आवडतं?' असं विचारलंत तर सगळे 'काहीही चालेल' म्हणतील. नेमकं विचारा: सोबत्याची चोरी चालेल? पात्र मेलं तर चालेल? कुठला विषय नकोच? जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्डही टेबलावर असू द्या. फुली काढलेलं साधं कार्ड. प्रसंग नकोसा झाला की त्याला हात लावायचा, गोष्ट तिथून पुढे सरकते. कारण कुणी विचारायचं नाही.

भिलाईत आणखी एक प्रश्न विचाराच: शिफ्ट कोणती? स्टील प्लांटच्या ए, बी, सी शिफ्टमध्ये फिरणारा माणूस दर रविवारी येणार कसा? आमच्याकडे अशा एकाला 'सिरियस नाही' म्हणून मोकळे झाले. तो बिचारा नाइट करून डोळे चोळत यायचा. किती जण नसले तर खेळ रद्द आणि गैरहजर माणसाचं पात्र कोण चालवणार, हे आधीच ठरवून टाका.

एवढं करूनही एखाद्याचं जमत नाही. तसं असेल तर त्याला स्वतः फोन करा आणि सांगा. गुपचूप त्याला वगळून व्हॉट्सअॅपवर नवा ग्रुप काढू नका. तो आज ना उद्या सिव्हिक सेंटरला भेटणारच.