वीजबिलामागचे हजार कोटी

2020 साली सोनं तोळ्यामागं पन्नास हजारांवर गेलं, तेव्हा कर्वेनगरच्या घरात बसून मी वीजबिलाच्या पाठीवर एक गुणाकार केला. सोन्याचा शोध घेणारी छोटी कंपनी, शेअर बाजारात नोंद नसलेली. ओळखीतल्या एकानं तिचे शेअर देऊ केले होते. माहितीपत्रकात लिहिलं होतं: 10 लाख टन खडक, टनाला 2 ग्रॅम सोनं. म्हणजे 20 लाख ग्रॅम. ग्रॅमला पाच हजार धरले तर हजार कोटी! आणि अख्खी कंपनी साठ कोटींच्या भावानं मिळत होती. मी चार लाख घातले. बायकोला नंतर सांगितलं, ती वेगळी चूक.

आपल्या कर्वेनगरात कुठंही बोअर घ्या, काळा पाषाणच लागणार. सोन्याच्या खडकातलं मला काय कळणार? वरच्या मजल्यावरच्या काकांना कळत होतं, ते भूवैज्ञानिक म्हणून निवृत्त झालेले. पण पत्रक त्यांना दाखवलं पैसे भरून झाल्यावर. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि 'बोअर क्र. 7: 12 मीटर, सरासरी 3 ग्रॅम' या ओळीवर बोट ठेवलं.

"मागचा तक्ता पाहिलास का रे?"

नव्हता पाहिला. एका मीटरात 30 ग्रॅम होतं, उरलेल्या अकरांत जेमतेम अर्धा-अर्धा. सरासरी खोटी नव्हती. पण असा खडक काढून, दळून, सायनाइडमधून नेण्याचा खर्च निघतो का, हा हिशेब पत्रकात कुठंच नव्हता. शिवाय अन्वेषण जी-3, म्हणजे प्राथमिक पातळीचं. जी-1 ला तपशीलवार म्हणतात. तिथवर पोचेपर्यंत टनांचे आकडे बदलत राहतात.

"आणि खाणपट्टा?"

कंपनीकडं नुसता पूर्वेक्षण परवाना होता, पट्ट्याचा अर्ज पडून. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनं खाणपट्टे लिलावात गेले, तरी असे जुने परवानेधारक वाचले होते. 28 मार्च 2021 पासून तो हक्कही संपला. कायद्यानं भरपाई ठेवली ती शोधकामावर झालेल्या खर्चाची, जमिनीखालच्या सोन्याची नव्हे.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी उलट्या टोकानं सुरू करतो. बँकेत रोख किती, ती किती महिने पुरेल? संपली की नवे शेअर निघतात आणि आपला वाटा पातळ होतो. हक्काचा कागद कोणता? नमुने कोणी तपासले? 1997 मध्ये इंडोनेशियातल्या बुसांगला ब्रे-एक्स या कंपनीच्या नमुन्यांत सोनं मिसळलेलं निघालं. फ्रीपोर्ट या खाणकंपनीनं स्वतः ड्रिलिंग केलं तेव्हा तिथं काढण्याजोगं काहीच नव्हतं. धातूचा बाजारभाव मी सगळ्यात शेवटी बघतो.

माझे शेअर डीमॅटमध्ये तसेच आहेत. मध्ये एकजण घ्यायला तयार झाला होता, अगदी माझाच गुणाकार करून. त्याला काकांकडं पाठवलं.